मुंबईतील दोन महिने : आना तर्खडकर आणि तरुण रवींद्रनाथ

इसवी सन १८७८ च्या पावसाळ्यात, बहुधा ऑगस्टच्या सुमारास, सत्येंद्रनाथ ठाकूर यांनी आपल्या धाकट्या भावाला अहमदाबादहून मुंबईस आणले आणि डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. भावाचे वय सतरा होते. त्याला विलायतेस जायचे होते, आणि त्यापूर्वी त्याचे इंग्रजी सफाईदार व्हावे, चारचौघांत बोलण्यावागण्याची त्याची भीड चेपावी, हा या मुक्कामाचा हेतू होता. हे काम घरातील एका मुलीकडे आले. तिचे नाव अन्नपूर्णा. घरात तिला आना म्हणत. ती नुकतीच विलायतेहून शिकून आली होती, आणि पाहुण्याहून दोनतीन वर्षांनी मोठी होती. सुमारे दोन महिन्यांनी, २० सप्टेंबर १८७८ रोजी, पाहुणा ‘पूना’ नावाच्या आगबोटीने इंग्लंडला निघून गेला.

घटना एवढीच आहे. तीत पळून जाणे नाही, लग्नाचा हट्ट नाही, कोर्टकज्जा नाही. तरीही रवींद्रनाथांच्या चरित्रकारांना या दोन महिन्यांवरून पुढे सरकता आलेले नाही. याचे कारण त्या पाहुण्याची पुढील थोरवी हे तर आहेच. परंतु मराठी वाचकाला या प्रसंगाकडे पाहण्याचे आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत एखादी सुशिक्षित, अविवाहित मुलगी आपल्या वयाच्या परक्या तरुणाशी बरोबरीने बोलू शकते, त्याला शिकवू शकते, त्याच्याकडून स्वतःसाठी नवे नाव मागून घेऊ शकते, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने इतकी अपवादात्मक आहे की, ती शक्य कशी झाली याचा शोध हा त्या काळाच्या सामाजिक इतिहासाचाच शोध ठरतो.

या शोधाची साधने थोडी आहेत आणि ती एका बाजूस झुकलेली आहेत. रवींद्रनाथांनी उतारवयात दिलीपकुमार रॉय यांच्याशी केलेले संभाषण हे एक. १९४० मध्ये मुलांसाठी लिहिलेल्या ‘छेलेबेला’ या आठवणींच्या पुस्तकातील काही ओळी हे दुसरे. आनाने नोव्हेंबर १८७८ मध्ये रवींद्रनाथांचे वडील बंधू ज्योतिरिंद्रनाथ यांना लिहिलेले एक पत्र हे तिसरे. म्हणजे दोन साक्षी त्याच्या, आणि त्याही अर्धशतक किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यावरच्या. तिची साक्ष एकच, पण ती ताजी. या साधनांचा हा तोल लक्षात ठेवूनच पुढील कथा वाचली पाहिजे.

तर्खडकर हे घराणे वसईजवळच्या तर्खड या गावावरून ओळखले जाते. मुंबईच्या प्रबोधनात या घराण्यातील तीन भावांची नावे ठळक आहेत. थोरले दादोबा पांडुरंग (१८१४–१८८२) हे मराठी व्याकरणकार. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व्याकरणावर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. मधले भास्कर पांडुरंग यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’ पत्रात ‘एक हिंदू’ या अर्थाच्या टोपणनावाने इंग्रजी राज्यकारभारावर अशी कडक टीका केली की, इंग्रजी राज्याच्या आर्थिक शोषणाची मीमांसा करणाऱ्यांच्या मालिकेत त्यांचे नाव आरंभी घ्यावे लागते. ते अल्पवयात, १८४७ मध्ये, निवर्तले. धाकटे आत्माराम पांडुरंग (१८२३–१८९८) यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यक शिकून मुंबईत नावलौकिक मिळवला.

दादोबा हे १८४९ च्या सुमारास स्थापन झालेल्या परमहंस सभेचे एक प्रवर्तक होते. जातिभेद मोडावा, विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक असावी, मूर्तिपूजा सोडावी, असे या सभेचे मत होते. आणि सभासद होताना परजातीच्या हातचे अन्न खाणे ही खूण मानली जात असे. परंतु सभा गुप्त होती. घरी सोवळे आणि सभेत पाव, अशी ही दुहेरी वागणूक होती. सभासदांची नावे फुटल्यावर १८६० च्या सुमारास सभेची वाताहत झाली, यात नवल नाही. यानंतर ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तोच विचार सौम्य केला, पण उघड केला. त्या समाजाचे अध्वर्यू डॉ. आत्माराम होते. पुढे १८७९ मध्ये ते मुंबईचे शेरीफ झाले, आणि १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी स्थापन केली त्यांतील दोन हिंदी सभासदांपैकी एक तेच होते, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन.

गुप्त सभेपासून उघड समाजापर्यंतचा हा प्रवास पुरुषांचा होता. त्याची खरी कसोटी घरातील मुलींच्या आयुष्यात लागत असे. जातिभेदावर व्याख्यान देणारे पुष्कळ होते. मुलीला समुद्र ओलांडून शिक्षणासाठी पाठवणारे विरळा. डॉ. आत्माराम त्या विरळांपैकी होते. त्यांची मुलगी विशीच्या आसपास येऊन अविवाहित होती, इंग्रजी वाङ्मय वाचत होती, पाहुण्यांशी मोकळेपणाने बोलत होती. ज्या समाजात दहाअकराव्या वर्षी मुलीचे लग्न न झाल्यास बापाला तोंड दाखवणे अवघड होई, त्या समाजाच्या दृष्टीने हे घर मर्यादेबाहेर गेलेले होते. आना ही जन्मानेच या मर्यादेबाहेरची रहिवासी होती. तो निर्णय तिने घेतलेला नव्हता, पण त्याचे सुख आणि एकटेपण दोन्ही तिच्या वाट्याला आले होते.

पाहुण्याचे घर वेगळ्या तऱ्हेने बाहेरचे होते. जोडासांकोचे ठाकूर म्हणजे कलकत्त्यातील मोठे जमीनदार. आजोबा द्वारकानाथ यांच्या वैभवाच्या कथा विलायतेपर्यंत गेलेल्या, वडील देवेंद्रनाथ ब्राह्म समाजाचे धुरीण व ‘महर्षी’ म्हणून पूज्य. परंतु हे कुल पिराली ब्राह्मणांचे. पूर्वजांना मुसलमान अधिकाऱ्याच्या घरच्या अन्नाचा संसर्ग घडला या ठपक्यावरून सनातनी ब्राह्मण त्यांच्याशी शरीरसंबंध करीत नसत. त्यामुळे एवढ्या श्रीमंत घराला मुलांसाठी वधू शोधताना जेसोर भागातील मोजक्या पिराली कुटुंबांकडे जावे लागे. पैसा, विद्या आणि कीर्ती असूनही पंक्तीबाहेर, ही ठाकुरांची स्थिती होती. त्यात ब्राह्म मताची भर पडली होती.

या मोठ्या घरातही धाकटा रवी काहीसा बाजूला पडलेला होता. चौदाव्या वर्षाच्या आत, १८७५ मध्ये, आई गेली. वडील बहुधा हिमालयात किंवा प्रवासात असत. बालपण नोकरांच्या ताब्यात गेले, आणि त्या नोकरशाहीचे वर्णन पुढे त्याने स्वतःच विनोदाने केले आहे. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बेंगाल अॅकॅडमी, सेंट झेवियर्स अशा शाळा झाल्या. कोणत्याच शाळेत मन रमले नाही आणि कोणतीही परीक्षा पदरात पडली नाही. घरच्या ‘भारती’ या १८७७ मध्ये सुरू झालेल्या मासिकात कविता छापून येत होत्या, पण घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने मुलगा वाया चालला होता. बॅरिस्टर व्हावे म्हणून विलायत, हा त्यावरचा उपाय होता.

विलायतेपूर्वीची पायरी म्हणून तो अहमदाबादला सत्येंद्रनाथांकडे राहिला. सत्येंद्रनाथ हे आय.सी.एस. परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. मुंबई इलाख्यात न्यायखात्यात त्यांची नोकरी झाली. ते त्या वेळी शाहीबागेतील जुन्या मोगल प्रासादात राहत. पत्नी व मुले आधीच इंग्लंडला गेली होती. भाऊ कचेरीत गेल्यावर त्या रिकाम्या वाड्यात साबरमतीकडे पाहत मुलगा दिवस काढी, कोश घेऊन इंग्रजी पुस्तके वाची, आणि रात्री गच्चीवर स्वतःच्या चालीत गाणी रची. ‘क्षुधित पाषाण’ या पुढील काळातील कथेचे बीज त्या वाड्यात आहे. तेथून मुंबईच्या भरल्या घरात येणे म्हणजे निःशब्दतेतून संभाषणात येणे होते.

एखाद्या सुधारक घरी राहून नवे रीतिरिवाज आत्मसात करण्याचा हा मार्ग सत्येंद्रनाथांनी पूर्वीही अवलंबिला होता. १८६४ मध्ये त्यांनी आपली तरुण पत्नी ज्ञानदानंदिनी हिला जोडासांकोच्या अंतःपुरातून मुंबईस आणले, तेव्हा काही काळ ती दोघे माणेकजी करसेटजी या पारशी सुधारकाच्या घरी राहिली. त्या घरातील मुलींना पाहून ज्ञानदानंदिनी चारचौघांत वावरण्यास शिकल्या. साडी नेसण्याची जी नवी पद्धत त्यांनी पुढे बंगालमध्ये रूढ केली, तिचे मूळही या मुंबईच्या वास्तव्यात आहे. चौदा वर्षांनी धाकट्या भावाला त्यांनी तशाच शाळेत घातले. फरक असा की, पहिल्या वेळी बंगालची स्त्री मुंबईच्या घराकडून शिकली. दुसऱ्या वेळी बंगालचा पुरुष मुंबईच्या मुलीकडून शिकणार होता.

दोन्ही घरांत विचारांचे साम्य होते. प्रार्थना समाजाला स्फूर्ती मिळाली ती केशवचंद्र सेन यांच्या १८६४ मधील मुंबई भेटीपासून. आणि सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. पण मत एक असले तरी घराची घडी निराळी असते. जोडासांकोच्या वाड्यात पुरुषांचा बाहेरचा भाग आणि स्त्रियांचे अंतःपुर यांच्यामध्ये भिंत होती. ती पाडण्याचे काम ज्ञानदानंदिनी आणि ज्योतिरिंद्रनाथांची पत्नी कादंबरी यांच्या पिढीत कोठे सुरू झाले होते. तेथील नाती वहिनी, बहीण, भाची अशी ठरलेली होती. तर्खडकरांच्या दिवाणखान्यात मात्र जिच्याशी कोणतेही नाते नाही अशी एक मुलगी समोरच्या खुर्चीवर बसत होती. अशा मुलीशी कसे बोलावे, याचे शिक्षण जोडासांकोने रवीला दिलेले नव्हते.

या दोन महिन्यांत जे घडले ते रवींद्रनाथांच्या आठवणींवरून असे दिसते. मुलीचे शिक्षण झालेले, आपले अर्धवट, या जाणिवेने पाहुणा संकोचलेला होता. तिने तो कमीपणा त्याला कधी जाणवू दिला नाही. दाखवण्यासारखी विद्या जवळ नसल्याने त्याने आपल्याजवळची एकच वस्तू पुढे केली: आपण कवी आहोत, असे त्याने सांगितले. तिने त्यावर शंका घेतली नाही. प्रमाणपत्र मागितले नाही. ज्या मुलाला प्रत्येक शाळेने नापसंत केले होते, त्याच्या कवित्वावर कुटुंबाबाहेरच्या एका व्यक्तीने सहज विश्वास ठेवला. पुढे आयुष्यात त्याला मानसन्मान खूप मिळाले. परंतु या पहिल्या विश्वासाची आठवण ऐंशीच्या उंबरठ्यावरही त्याने जपलेली दिसते.

मग तिने त्याच्याकडे एक नाव मागितले. त्याने ‘नलिनी’ हे नाव दिले आणि ते एका गाण्यात गुंफले. गाणे भैरवीच्या सुरात होते. ते ऐकून, आपण मरणाच्या दारात असलो तरी या गाण्याने परत येऊ, अशा अर्थाचे काही ती बोलल्याचे त्यांनी नोंदवले आहे. त्याने दाढी कधी वाढवू नये, चेहऱ्याची रेषा झाकू नये, असेही तिचे सांगणे होते. ते पाळले गेले नाही हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. आणि ते पाहण्यास ती राहिली नाही, हेही त्यांनी तेथेच जोडून दिले आहे.

नावाची ही गोष्ट वरवर बालिश वाटते, पण तिला त्या काळाचा अर्थ आहे. महाराष्ट्रात मुलीचे नाव बदलण्याचा अधिकार लग्नाच्या वेळी सासरला असे. तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिले जाई आणि मुलीचे मत त्यात कोणी विचारीत नसे. येथे मुलगी स्वतः नाव मागते, एका कवीकडून मागते, आणि ते कोणत्याही विधीवाचून धारण करते. जुन्या संस्काराचा आकार तोच, परंतु त्यातील इच्छा तिची. ‘नलिनी’ हे नाव रवींद्रनाथांच्या ‘कविकाहिनी’ या काव्यातील नायिकेचे होते. म्हणजे त्याने तिला आपल्या कल्पनेतील पात्राचे नाव दिले. प्रथम प्रेमाचे हे स्वरूप ओळखीचे आहे: समोरच्या माणसापेक्षा मनातील प्रतिमा आधी तयार असते, आणि माणूस त्या प्रतिमेत बसवले जाते.

दिलीपकुमार रॉय यांना सांगितलेल्या आठवणीत हातमोज्यांचा प्रसंग आहे. झोपलेल्या मुलीचे हातमोजे जो चोरील त्याला तिचे चुंबन घेण्याचा अधिकार मिळतो, अशी विलायतेतील एक रीत आनाने त्याला सांगितली, आणि थोड्या वेळाने ती आरामखुर्चीत झोपी गेली. जागी झाल्यावर तिने हातमोज्यांकडे पाहिले. ते जागच्या जागी होते. हा प्रसंग बहुधा पाहुण्याच्या भोळेपणाची गंमत म्हणून सांगितला जातो. परंतु त्यात धोका कोणी पत्करला, हे पाहिले म्हणजे गमतीचा रंग बदलतो. पुढाकार तिचा आहे. आणि तो परक्या देशातील रीतीच्या आडून घेतलेला आहे, कारण स्वतःच्या भाषेत तो घेण्यास तिच्याजवळ एकही शब्द नव्हता. उत्तर आले नाही तेव्हा ‘ती तर विलायतेची एक रीत होती’ असे म्हणून माघार घेता येईल, एवढीच तिची सुरक्षितता. त्याच्या बाजूस संकोच होता, आणि समज उशिरा येणार होती. तिच्या प्रेमाचा आपण कधी अनादर केला नाही, कोणत्याही स्त्रीचे प्रेम हा अनुग्रहच असतो, या आशयाचे जे ते पुढे बोलले, ते एका वृद्ध कवीचे शब्द आहेत. सतरा वर्षांच्या मुलाचे उत्तर म्हणजे ते जागचे न हललेले हातमोजे.

आता तिची साक्ष. नोव्हेंबर १८७८ मध्ये ‘कविकाहिनी’ पुस्तकरूपाने निघाले. रवींद्रनाथांचे ते पहिले छापील पुस्तक. त्याची प्रत ज्योतिरिंद्रनाथांनी आनाला पाठवली. तिने आभाराचे पत्र लिहिले. ज्या अंकांत हे काव्य आले होते ते ‘भारती’चे अंक पाहुण्याने जाण्यापूर्वीच आपल्याला दिले होते, त्याने ते वाचून व भाषांतर करून दाखवले होते, आणि आता काव्य आपल्याला जवळजवळ पाठ झाले आहे, असा त्याचा मजकूर. पत्र औपचारिक आहे, वडील भावाला लिहिलेले आहे, आणि त्यात भावनेचा एकही उघड शब्द नाही.

तरी या पत्रावरून त्या दोन महिन्यांतील एक गोष्ट पुरावा म्हणून हाती लागते. इंग्रजी शिकायला आलेला मुलगा मुलीला बंगाली काव्य शिकवत होता. शिकणारा आणि शिकवणारी यांच्या जागा बदलल्या होत्या. त्या दोघांना एकमेकांची मातृभाषा येत नव्हती. दोघांमधील पूल परक्या इंग्रजीचा होता, आणि त्या पुलावरून काव्य ये-जा करीत होते. आनाने ते काव्य पाठ केले. ज्या काव्याच्या नायिकेचे नाव तिला मिळाले होते, ते काव्य तिने पाठ केले, आणि ते तिने त्याच्या भावाला कळवले. एवढे सांगणे तिला शक्य होते, तेवढे तिने सांगितले.

१८७८ च्या मराठीत याहून अधिक सांगता आले असते काय? त्या वेळच्या मराठी कादंबरीत प्रेम पुष्कळ आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या लोकप्रिय अद्भुतकथा प्रेमावरच उभ्या आहेत. परंतु ते प्रेम राजपुत्र, सरदारकन्या, विमाने आणि संकटे यांच्या जगातील. वास्तव मुलगी दिसते ती बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७), आणि तेथे ती विधवांच्या दुःखाची साक्षीदार म्हणून येते. हरिभाऊ आपट्यांची यमू यायला अजून दशकाहून अधिक काळ होता, आणि तिची कथाही बालविवाहाच्या व वैधव्याच्या यातनांची आहे. दोन अविवाहित, शिकलेल्या तरुण माणसांत उत्पन्न होणारी ओढ हा विषयच मराठी वाङ्मयाच्या नकाशावर नव्हता, कारण ती माणसेच समाजात नव्हती. आना त्या रिकाम्या जागेत राहत होती.

कायद्याच्या बाजूनेही परिस्थिती उद्‌बोधक आहे. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याने नोंदणी विवाहाची सोय झाली. त्यात वधूचे किमान वय चौदा आणि वराचे अठरा ठरले. परंतु त्यासाठी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे, आणि देवेंद्रनाथांच्या आदि ब्राह्म समाजाचा त्याला विरोध होता. म्हणजे ठाकुरांच्या घरातील विवाह जुन्या वर्तुळातच होणार, हे जवळजवळ निश्चित होते. प्रांत, भाषा, जात आणि वय या चारही बाबतींत आना त्या वर्तुळाबाहेरची होती.

डॉ. आत्माराम यांचे सहकारी डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरातील घटना याच काळातील आहे. त्यांची सावत्र मुलगी रखमाबाई हिचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी तिने त्या नवऱ्याकडे नांदण्यास नकार दिला. १८८४ मध्ये खटला उभा राहिला, आणि १८८८ मध्ये तडजोड होईपर्यंत सारा देश त्यावर वाद घालीत होता. ज्याला आपण संमती दिली नाही त्याच्याशी नांदणार नाही, असे म्हणण्यासाठी एका मुलीला तुरुंगाची तयारी ठेवावी लागली. नकाराची किंमत एवढी असेल, तर निवडीची किती असावी? आनाच्या हातमोज्यांच्या खेळाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले, की त्यातील धाडस ध्यानात येते.

पुढील हकिगत थोडक्यात सांगता येते. पुढे आनाचा विवाह हॅरल्ड लिटलडेल यांच्याशी झाला. हे गृहस्थ इंग्रजी वाङ्मयाचे अभ्यासक, बडोद्याच्या शिक्षणसंस्थेत अध्यापक. शेक्सपिअरकालीन नाटकाचे संपादक म्हणून त्यांचे नाव आहे, आणि गुजरातेतील पक्ष्यांची घरटी व अंडी यांविषयी त्यांनी केलेली निरीक्षणे पक्षिशास्त्राच्या ग्रंथांत आढळतात. नाव कवीने दिले आणि संसार एका काव्याच्या अध्यापकाशी झाला. हिंदी स्त्रीने गोऱ्या गृहस्थाशी लग्न करणे हे त्या काळी दोन्ही समाजांच्या रोषास कारण होणारे पाऊल होते. ते पाऊल टाकणारी मुलगी दुबळी खासच नव्हती. १८९१ मध्ये एडिनबर्ग येथे तिचा मृत्यू झाला. त्या वेळी ती जेमतेम तिशीत होती. त्याच वर्षी हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे वय दहाचे बारा करावे की नाही यावर महाराष्ट्र दुभंगला.

रवींद्रनाथ १८८० मध्ये बॅरिस्टर न होताच परतले. ९ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचे लग्न झाले. वधू भवतारिणी ठाकुरांच्या जमीनदारीतील एका कर्मचाऱ्याची मुलगी, जेसोर-खुलना भागातील, वयाने सुमारे दहा वर्षांची. सासरी तिचे नाव मृणालिनी ठेवण्यात आले. या नावात ‘नलिनी’चा ध्वनी आहे, दोन्ही नावांचा अर्थ कमळाभोवती फिरतो, आणि त्यावरून अभ्यासकांनी तर्क केले आहेत. तर्क सोडून दिला तरी विरोध उरतो: एका मुलीने विशीत नाव मागून घेतले होते; दुसरीला ते दहाव्या वर्षी देण्यात आले.

आनाच्या सहवासाने रवींद्रनाथांची स्त्रीविषयक दृष्टी एकदम बदलली, असे म्हणणे सोयीचे होईल, पण ते खरे नाही. १८८९ मध्ये पुण्यात त्यांनी पंडिता रमाबाईंचे व्याख्यान ऐकले. सभेत गोंधळ घालणाऱ्या पुरुषांचा त्यांनी धिक्कार केला. परंतु स्त्रिया सर्व बाबतींत पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत हे रमाबाईंचे म्हणणे त्यांना पटले नाही, आणि निसर्गानेच भेद केला आहे अशी मांडणी त्यांनी लिहून प्रसिद्ध केली. ज्याला सतराव्या वर्षी एका मराठी मुलीने शिकवले होते, त्याने अठ्ठाविसाव्या वर्षी दुसऱ्या मराठी विदुषीशी असा वाद घातला. पहिल्या प्रेमाने माणूस सुधारतोच असा नियम नाही. ते केवळ एक बीज टाकते. ‘स्त्रीर पत्र’ (१९१४) या कथेतील मृणाल आपल्या नवऱ्याला पत्र लिहून घर सोडते, तेथपर्यंत येण्यास त्यांना आणखी पाव शतक लागले.

१९१२ मध्ये पुस्तकरूप झालेल्या ‘जीवनस्मृती’त आनाचे नाव येत नाही. त्या पुस्तकात अहमदाबादचा वाडा आहे, कारवारचा समुद्र आहे, विलायत आहे. मुंबईची मुलगी नाही. ती येते ती फार उशिरा, संभाषणात आणि मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात. मधल्या काळात, १९२८ मध्ये, म्हैसूर विद्यापीठाचे कुलगुरू ब्रजेंद्रनाथ सील यांचे पाहुणे म्हणून बंगळुरास असताना त्यांनी ‘शेषेर कविता’ ही कादंबरी पूर्ण केली. तिच्यातील अमित आणि लावण्य एकमेकांवर प्रेम करतात, इंग्रजी काव्याची देवाणघेवाण करतात, आणि शेवटी वेगवेगळ्या माणसांशी विवाहबद्ध होतात; प्रेम आणि संसार या दोन निराळ्या गोष्टी म्हणून लेखक त्यांचा स्वीकार करतो. लावण्य म्हणजे आना, असे समीकरण मांडण्यास आधार नाही. परंतु लग्नाने पूर्ण न झालेले प्रेम वाया गेलेले नसते, हा विचार पासष्टी ओलांडलेल्या लेखकाने एवढ्या निश्चयाने मांडावा, आणि साधारण त्याच काळात मुंबईच्या त्या मुलीविषयी मौन सोडावे, हे दोन्ही एकाच मनाचे व्यापार आहेत.

इतिहासाला या कथेत दोन व्यक्ती समान प्रकाशात दाखवता येत नाहीत. एकाचे प्रत्येक पत्र, प्रत्येक खोडलेली ओळ जपून ठेवलेली आहे. दुसरीचे एक पत्र उरले. तिचे नाव आज घेतले जाते ते त्याच्या चरित्राच्या तळटीपेत, आणि तेही बहुधा त्याने दिलेल्या नावाने. हा अन्याय कोणा एकाने केलेला नाही. कागद कोणाचे जपायचे, याविषयीच्या समाजाच्या सवयीने तो केला आहे. मात्र उरलेल्या थोड्या साधनांतूनही काही गोष्टी निश्चितपणे तिच्या म्हणता येतात. वडिलांच्या पिढीने सभेत मांडलेले स्वातंत्र्य तिने दिवाणखान्यात वापरून पाहिले. परीक्षा न दिलेल्या मुलाला तिने कवी म्हणून ओळखले. जिची लिपी तिला परकी होती अशा भाषेतील एक संपूर्ण काव्य तिने पाठ केले. आणि ज्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळाले नाही, तो प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या दोघांत तिच्यापाशीच होते.